पाच रुपये बारा आणे : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पोटभर हसायचं असेल तर १९५८ चा 'चलती का नाम गाडी' लावा. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईत तीन भाऊ गॅरेज चालवतात, अशोक कुमार, अनूप कुमार आणि किशोर कुमार, पडद्यावर भाऊ आणि खरेही सख्खे भाऊ. थोरल्याचं बायकांशी वाकडं, त्यामुळे धाकट्यांनाही तोच नियम. एका पावसाळी रात्री रेणू, म्हणजे मधुबाला, बंद पडलेली गाडी घेऊन येते, धाकटा मन्नू म्हणजे किशोर ती दुरुस्त करून देतो, आणि ती पैसे द्यायचे विसरून निघून जाते. पाच रुपये बारा आणे. ते वसूल करायला तो तिच्या मागे जातो आणि मग पुढचं सगळं.

नाशिकहून एका ताईंचं पत्र : माझी सोळा वर्षांची मुलगी ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की उठूनच जाते. बळंबळं अर्धा तास बसवलं तर म्हणाली, आई, तिने तिथेच यूपीआय केलं असतं तर पिक्चर संपला असता की. मला उत्तरच सुचेना. आम्हाला हा सिनेमा एवढा का आवडतो ते नीट सांगता येत नाही, तुम्ही सांगा.

ताई, तुमच्या मुलीने अर्ध्या तासात बरोबर नस पकडलीय, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. हो, पैसे तिथल्या तिथे दिले असते तर पिक्चर संपला असता. कारण त्या पैशांमुळे त्याला परत जायला एक निमित्त मिळतं, आणि माझ्या मते हा सिनेमा सगळाच्या सगळा निमित्ताचा आहे. आपल्याला कोणी आवडलं की आपण सरळ जाऊन सांगतो का? वही मागायची राहिली, छत्री तिकडेच राहिली, तुमच्याकडे आमचा डबा आहे का, असं काहीतरी काढून परत त्या दारात उभं राहतो. मन्नूकडे पाच रुपये बारा आणे आहेत. तो मनापासून पैसेच मागतोय, त्याला स्वतःलाही कळलेलं नाही की आपण नुसते पैसे मागत नाही आहोत, आणि आपल्याला मात्र खुर्चीत बसून ते आधीच कळलेलं असतं, म्हणून आपण हसतो आणि म्हणूनच तो आपल्याला आपला वाटतो. तुमच्या मुलीच्या पिढीत ती निमित्तं बदलली असतील, पण संपलेली नाहीत, तिलाच विचारा, नोट्स पाठव असा मेसेज कोणी कोणाला कशासाठी करतं ते.

ते पावसाच्या रात्रीचं गाणं, 'एक लड़की भीगी भागी सी', तिला परत एकदा दाखवा, फक्त तेवढंच. तो हिरो म्हणून समोर येऊन उभा राहत नाही. त्याचं काम चालू आहे, हातात पाना आहे, ठोकाठोक चाललीय आणि त्या ठोक्यावरच गाणं चाललंय. ती आधी वैतागलेली, भिजलेली, कधी एकदा गाडी सुरू होतेय आणि घरी जातेय असं झालेली, आणि हळूहळू तिचा चेहरा सैल पडत जातो. तिच्या हे लक्षातही येत नाही पण आपल्याला दिसतं.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते मिरजेला मामाकडे, दूरदर्शनवर. मामाचं स्वतःचं छोटं गॅरेज होतं, रविवारी सुद्धा नखांतलं ग्रीस जायचं नाही. सगळी आळी मधुबालाकडे बघत बसलेली आणि मामा बघतोय बॉनेटकडे. गाणं संपल्यावर म्हणाला, काम न थांबवता गातोय बघ, हात बसलाय पोराचा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही पण आता हा सिनेमा लावला की तेच आठवतं. आपल्याकडच्या सिनेमात नायक नेमकं काय काम करतो हे पुष्कळदा शेवटपर्यंत कळतच नाही, इथे तो कष्टाचे पैसे मागतोय आणि ती जी त्याच्या प्रेमात पडते ती त्याला काम करताना बघून.

आणि हो, मुलीला हिशेबही समजावून सांगा. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे बारा आण्यांचे पंचाहत्तर पैसे, म्हणून बिल झालं पावणेसहा रुपयांचं. गंमत म्हणजे १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, म्हणजे सिनेमा आला तेव्हा सरकारी कागदावरून आणा गेला होता, पण लोकांच्या तोंडून कुठला जातोय, आपण अजूनही सोळा आणे खरं म्हणतोच ना.

इचलकरंजीचे एक काका विचारतात : जुने सिनेमे आता रंगीत करून मिळतात. नातवंडांना तसलेच दाखवावेत का?

काका, 'मुग़ल-ए-आज़म' २००४ मध्ये रंगीत होऊन थिएटरला आला, मग २००७ मध्ये 'नया दौर', २०११ मध्ये 'हम दोनों'. लोकांनी आनंदाने बघितले, त्यात वाईट काही नाही. पण या सिनेमाच्या बाबतीत मी हट्टी आहे. पडद्यावर पाऊस दिसावा म्हणून त्याच्यावर मागून लाइट टाकावा लागतो, नाहीतर पाणी कॅमेऱ्याला दिसतच नाही, आणि काळ्याभोर रात्रीपुढे त्या चमकणाऱ्या धारा, अंधारं गॅरेज, ओले केस आणि त्यात मधुबालाचा चेहरा, यात कुठला रंग घालणार? तिच्या साडीचा रंग कुठला होता हे मला आजपर्यंत माहीत नाही आणि कधी चुकल्यासारखंही वाटलं नाही. नातवंडांना एक युक्ती करा, दिवसा उजेडात लावू नका, रात्री जेवणं झाल्यावर खोलीतला दिवा घालवून लावा. पावसाळ्यात लावलात तर फारच छान.

पुण्याहून एक संगीत शिकणारा मुलगा लिहितो : 'एक लड़की भीगी भागी सी' ची चाल इंग्रजी गाण्यावरून घेतलीय असं समजलं आणि मन खट्टू झालं. सचिनदांसारख्या, म्हणजे संगीतकार सचिन देव बर्मनांसारख्या माणसाने असं करावं?

अरे, खट्टू होऊ नकोस, त्यापेक्षा दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐक. ते गाणं म्हणजे 'सिक्स्टीन टन्स'. मर्ल ट्रॅव्हिसने १९४६ मध्ये ते रेकॉर्ड केलं आणि १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात ते प्रचंड गाजलं. चालीच्या मुळाशी ते आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण ते गाणं कशाबद्दल आहे बघ. कोळशाच्या खाणीतला मजूर दिवसभर टनांनी कोळसा भरतो आणि महिन्याच्या शेवटी कंपनीच्याच दुकानाचं देणं त्याच्या डोक्यावर असतं. राबणाऱ्या माणसाचं आणि थकलेल्या पैशाचं गाणं. आणि इथे सुद्धा राबणारा माणूस आहे आणि पैसे थकणार आहेत, फक्त इथे त्याला कोणाचं देणं नाही, उलट त्याचंच येणं आहे. आता सचिनदांनी हे ठरवून केलं की कसं ते मी कुठून सांगू, पण गीतकार मजरूहसाहेबांचे शब्द आणि किशोरचा गळा लागला आणि खाणीतला तो जड ठोका पान्याचा ठोका झाला, आणि ऐकताना मला परकं काहीच वाटत नाही.

तू शिकतोयस म्हणून आणखी एक सांगते. या सिनेमात लतादीदींचं एकही गाणं नाही, त्या काळात सचिनदांचं आणि त्यांचं बिनसलेलं होतं. त्यामुळे मधुबालाची गाणी आली आपल्या सांगलीच्या आशाताईंकडे, वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. 'पाँच रुपैया बारा आना' नीट कान देऊन ऐक. आशाताई चांदण्यातारकांच्या गोष्टी गातायत, सूर किती नाजूक लावलाय, आणि मध्येच किशोर येतो आणि आपले पैसे मागतो, ती परत वर जाते, तो परत तिला खाली आणतो. आशाताई शेवटपर्यंत आपला गंभीरपणा सोडत नाहीत, एकदा जरी त्या गाता गाता हसल्या असत्या तरी गंमत गेली असती. हे अवघड असतं रे, रियाज करतोस तर तुला कळेल.

ठाण्याहून एक वाचक : सिनेमा आवडतो, पण थोरल्या भावाचं बायकांचं नाव काढायचं नाही हे आता बघवत नाही. आणि दुसऱ्या अर्ध्यातला तो खलनायक हवाच होता का?

तुमची दुसरी तक्रार मला मान्यच आहे. के. एन. सिंग नट म्हणून मोठा, पण ती इस्टेटीची, कोंडून ठेवण्याची भानगड सुरू झाली की सिनेमाची चाल बिघडते, मी तेवढ्यात चहा टाकून येते.

पहिल्या तक्रारीवर मात्र भांडेन. ब्रिजमोहनचं, म्हणजे त्या थोरल्याचं वागणं सिनेमा बरोबर म्हणत नाहीच. त्याच्या रागाखाली जुनी जखम आहे, आणि ज्या गोष्टीवर तो राग उभा आहे तीच खोटी निघते. हसू येतं ते त्याच्या नियमाला, आणि नियम पाळताना दोघा धाकट्यांची जी धांदल उडते तिला. आणि रेणूकडे बघा की, १९५८ साली एक मुलगी भर पावसात रात्री एकटी गाडी चालवत येते आणि तिला त्याबद्दल कोणी धडा शिकवत नाही, सिनेमाला त्यात काही वावगंच वाटत नाही. पुढे मन्नू तिच्या गाडीत मागच्या सीटवर झोपून जातो आणि तिच्या घरी जाऊन पोचतो, नोकराला वाटतं चोर शिरलाय, तेव्हा त्याला सोडवणारी तीच. आवडलं हे आधी तिला कळतं, पुढचं पाऊलही तीच टाकते, तो बिचारा अजून बारा आण्यांवरच अडकलेला असतो.

सोलापूरहून : किशोर कुमारने टॅक्स वाचवायला म्हणून मुद्दाम पडेल असा सिनेमा काढला आणि तो चालला, हे खरं का?

ही गोष्ट मी पण लहानपणापासून ऐकतेय. मी एवढंच सांगेन की पडद्यावर मला कुठेही अंग चोरून केलेलं काम दिसत नाही. 'जागृती' करणारे सत्येन बोस दिग्दर्शक, सचिनदांचं संगीत, मजरूहसाहेबांची गाणी. 'बाबू समझो इशारे' मध्ये तिघं भाऊ मुंबईच्या रस्त्यावरून ती जुनी गाडी पळवतात तेव्हा एकमेकांची वाक्यं आणि इशारे कसे झेलतात ते बघा, असला मेळ दिग्दर्शकाला शिकवून आणता येत नाही, तो एका ताटात जेवलेल्या भावांचाच असतो.

न्यू जर्सीहून एका मैत्रिणीचं पत्र : 'हाल कैसा है जनाब का' लागलं की मला हसू येण्याऐवजी रडू येतं, कारण पुढे काय झालं ते माहीत आहे. तुम्हाला तसं होत नाही का?

होतं. मधुबालाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. १९६० मध्ये तिचं किशोरशी लग्न झालं, दोघांनी 'झुमरू' आणि 'हाफ टिकट' मध्ये पुन्हा एकत्र काम केलं, पण मग ती अंथरुणाला खिळली आणि २३ फेब्रुवारी १९६९ ला गेली, अवघी ३६ वर्षांची. हे एकदा कळलं की विसरता येत नाही, आणि गाण्याचे पहिलेच शब्द तब्येत विचारणारे असल्यासारखे लागतात, म्हणून तुमचं पत्र वाचताना माझाही घसा दाटून आला.

पण मला आईचं एक वाक्य आठवतं. ती म्हणायची, मेलेल्या माणसाचा हसरा फोटो भिंतीवर लावतात तो त्याचं हसू विसरू नये म्हणून. त्या गाण्यात मधुबाला किशोरकडे बघून जी हसते ना, ते मला अभिनय म्हणून कधीच वाटलेलं नाही, समोरच्या माणसाच्या चाळ्यांनी खरोखर फुटलेलं हसू वाटतं. २५ वर्षांची आहे ती तेव्हा आणि मजेत आहे. तुम्ही रडा, खुशाल रडा, पण गाणं मध्येच बंद करू नका, तिला पूर्ण हसू दे.

कोल्हापूरहून एक आजोबा : आमच्या घरी हा सिनेमा सगळ्यांचा झाला. आता मराठीतला असा कुठला? आणि नातू रोज विचारतो, त्या मन्नूला पैसे मिळाले का शेवटी?

आजोबा, मराठीत 'लाखाची गोष्ट' लावा, १९५२ चा. दिग्दर्शक राजा परांजपे, गदिमांची गाणी, बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत आणि पडद्यावर राजा गोसावी. तिथे सुद्धा प्रेमाच्या आड पैसाच येतो पण उलट्या बाजूने, एक लाख रुपये ठरलेल्या मुदतीत खर्च करून दाखवायची अट. 'त्या तिथे पलीकडे' लागलं की आवाज थोडा मोठा करा, मालती पांडे गातायत.

आणि नातवाला सांगा, ते मी सांगणार नाही. त्याला म्हणावं, पुढच्या वेळी पहिल्यापासून फक्त त्या पावणेसहा रुपयांवर डोळा ठेवून बघ आणि मला पत्र टाक.