तहदीग तळाला चिकटतो, काय करू?

प्रश्न: ताई, इराणी चेलो, म्हणजे तिकडचा वाफेवर मुरवलेला मोकळा भात, करते तेव्हा तहदीग, म्हणजे भाताचा तो खालचा कुरकुरीत थर, कधी करपतो तर कधी पातेल्याला चिकटूनच बसतो. आणि सोबत पटकन होणारं काही गोड पण सांगा ना.

उत्तर: अगं, पातेलं जाड बुडाचं आणि नॉनस्टिक घे, अर्धं काम तिथेच होतं. बासमती तासभर मिठाच्या पाण्यात भिजव, मग भरपूर उकळत्या पाण्यात ६-७ मिनिटंच, दाणा बाहेरून मऊ आणि आत जरा कच्चा असतानाच निथळ. तळाला तेल सढळ हाताने, इथे काटकसर केलीस की चिकटलाच, त्यावर थोडा भात दही नि केशराच्या पाण्यात कालवून पसर, वर उरलेला भात रचून चमच्याच्या दांड्याने भोकं पाड. झाकणाला कापड गुंडाळ, आधी ८-१० मिनिटं मध्यम आच मग ४० मिनिटं एकदम मंद, मध्येच उघडायचं नाही म्हणजे नाही! उलटण्याआधी बूड गार पाण्यात टेकव, थर सुटतो.

गोडाला दक्षिण इराणातलं रंगीनक कर. मऊ खजुरात अक्रोड भर, बटरमध्ये खमंग भाजलेलं गव्हाचं पीठ गरम असतानाच वर ओत, दालचिनी आणि पिस्ते भुरभुरव. साखर फारशी लागतच नाही, म्हणून मला तर फार आवडतं.