स्टँड-अप (उभं राहून चालवायच्या) जेट स्कीच्या हलमध्ये, म्हणजे खालच्या कवचात, पाणी येतंय, नाशिकमध्ये चांगलं सीलंट कोणतं मिळेल?

सीलंटचं सांगतो, पण आधी ती ट्यूब खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय की कावासाकीची जुनी ७५० एसएक्स घेतली, उलटी करून तळ तपासला, भेग दिसत नाही, तरी फिरवून आणली की हुडखाली बादलीभर पाणी. आणि कुणीतरी सांगितलंय की सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन फिरवा, विषय संपला. हा ‘कुणीतरी’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तुमचा माणूस वेगळा असेल, पण वाण तोच.

माझं अंबड एमआयडीसीत फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, बसचे डॅशबोर्ड, देवळांचे कळस, जे येईल ते करतो. साडूंचं पंचवटीत हार्डवेअरचं दुकान. साडूंच्या मते जगातली कुठलीही गळती सिलिकॉननं थांबते आणि थांबली नाही तर एकच कारण, ट्यूब कमी पडली. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतसुद्धा हा वाद आम्ही घातलेला आहे.

तर दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा मुंबईहून अशीच मशीन घेऊन आला. पाणी येतंय म्हणून आधी गेला साडूंकडे. तिथून ट्यूबा घेतल्या, लावल्या, पाणी तसंच. मग माझ्याकडे. हुड काढला तर इंजिनच्या बुडाशी, पंप फिरवणाऱ्या शाफ्टभोवती, होजच्या तोंडांवर, जिथे बोट पोचलं तिथे पांढरं सिलिकॉन फासलेलं. एका कडेला नख घातलं आणि अख्खी पट्टी दुधावरच्या सायीसारखी उचलून आली. खाली ऑइलचा ओशट थर जसाच्या तसा. चिकटणार कशाला?

त्याला मी पहिला प्रश्न विचारला तोच तुम्हाला विचारतो. मशीन नुसती पाण्यात उभी असताना पाणी येतं, की चालवल्यावरच? तुमच्या प्रश्नात हे कुठेच नाही आणि निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याच्याकडे शेततळं होतं. म्हटलं, रात्रभर त्यात बांधून ठेव, इंजिन चालू करू नकोस, नाहीतर खालून पाणी ओढणारा पंप तळ्याचा प्लॅस्टिक कागद ओढून घेईल. सकाळी फोन आला, दादा, आत टिपूस नाही.

म्हणजे तळ, ड्रेन प्लग, शाफ्ट जिथून बल्कहेडमधून (आतल्या आडव्या भिंतीतून) जातो तिथलं सील, हे सगळे उभ्या मशीनपुरते तरी सुटले. उभ्या-उभ्या पाणी आलं असतं तर मी आधी ते सीलच धरलं असतं. बेअरिंग हाउसिंगच्या आत सील झिजलं की पाणी शाफ्टच्या कडेनं येतं, बाहेरून काहीही फासा. सील बदलायचं, दुसरा इलाज नाही.

मग जमिनीवर होज लावून, हुड उघडा ठेवून इंजिन चालवलं. इथे क्रम चुकवू नका. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं. पाण्याशिवाय पंधरा सेकंदांच्या वर चालवू नका. कूलिंगच्या एखाद्या पाइपाची क्लिप ढिली असेल तर इथेच दिसते, बारीक फवारा उडतो. त्याच्या मशीनमध्ये सगळं कोरडं.

उरला वरचा भाग. हुडचं रबर ठीक होतं. साडू तोवर वर्कशॉपवर येऊन बसले होते, चहा घेत. म्हणाले, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून हवा भरा आत. मी म्हटलं, साडूभाऊ, डेक म्हणजे वरचं कवच आणि हल नुसते चिकटवलेले असतात, कॉम्प्रेसरनं दोन वेगळ्या वस्तू करून द्याल. पेट्रोलची टाकी बाहेर काढली, आतला वास पूर्ण जाईपर्यंत हुड उघडा ठेवला, मग हवेच्या वाटा टेपनं बुजवल्या आणि साधा धूळ उडवायचा ब्लोअर एका भोकातून हलकासा लावला. बाहेरून भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या सांध्यावर. नाकाच्या उजव्या बाजूला, कडेच्या रबरी पट्टीच्या खालून, बुडबुडे यायला लागले. एक फुटला की त्याच जागी दुसरा. पट्टीचे रिव्हेट काढले तर आत डेक-हलच्या सांध्यात वीतभर उकललेली फट. कधीतरी जेट्टीला नाक आपटलेलं असणार. उभ्या मशीनमध्ये ही जागा पाण्याच्या वर. नाक लाटेत घुसलं की आत धार. तळ उलटासुलटा करून जन्मभर बघितला असता तरी सापडलं नसतं.

साडू म्हणाले, बरं मग, त्या फटीत सिलिकॉन भरा की.

अहो, कंपनीच्या बहुतेक स्टँड-अपचे हल एसएमसीचे, म्हणजे साच्यात दाबून घडवलेल्या फायबर-रेझिनच्या पत्र्याचे असतात. वीज मीटरच्या पेट्या ज्या मालाच्या, तोच माल. त्यात साचा सुटावा म्हणून मेणचट द्रव्य मिसळलेलंच असतं, त्यामुळे वरवर काहीच धरत नाही. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्याचा अंश राहतो, त्यावर पुढे रेझिनही धरत नाही. त्या पोराच्या मशीनवरचं सिलिकॉन खरवडायलाच दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला.

आता तुमचं उत्तर. फट किंवा भेग असेल तर सीलंट नको, इपॉक्सी रेझिन आणि विणलेलं ग्लास क्लॉथ. आपल्याकडे दुकानदार पॉलिस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) हातात देतील, कारण तेच खपतं. टाकीला ते चालतं, एसएमसीवर काही दिवसांनी खपली निघते. इपॉक्सीबरोबर ती मॅटही घेऊ नका, तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, पॉलिस्टरमध्ये विरघळावा म्हणून बनवलेला असतो. ८० नंबरच्या पेपरनं चकाकी पूर्ण घालवा, भेगेच्या कडा जाडीच्या साधारण बारापट रुंद उतरत्या घासा, अॅसिटोननं पुसा, शक्य असेल तिथे आतूनच थर द्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री काम करू नका, आपल्या थंडीत इपॉक्सी चिकटच राहतं. फिटिंग, बोल्ट, रिव्हेट यांच्यासाठी पाण्याखाली चालणारं मरीन पॉलीयुरेथेन सीलंट ऑनलाइन मागवा आणि पूर्ण सुकायला आठवडा द्या.

एक राहिलं. पाणी काढूनही मशीन जड लागत असेल तर उभं राहायच्या ट्रेखालचा फोम पाणी प्यालाय. आधीच्या मालकानं पायाचे पट्टे बसवायला स्क्रू मारलेत का बघा. फोम उन्हात सुकत नाही, कापून काढावा लागतो.

आणि हो, गंगापूर धरणाचं पाणी शहर पितं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल जाळणारी टू-स्ट्रोक मशीन तिथे नेण्याआधी परवानगीचं तुमचं तुम्ही बघा.

साडू हे वाचणार, म्हणून लिहून ठेवतो. पंप शू (पंप जिथे हलला बसतो तो भाग) आणि हलमधल्या सांध्याला सिलिकॉन लागतं. ते नसेल तर पंप हवा ओढतो आणि मशीन नुसती ओरडते, पुढे जात नाही. तिथे मीही सिलिकॉनच लावलं, त्यांच्याच दुकानातलं, पैसे देऊन. त्यावरून ते सगळ्यांना सांगतात की मशीन शेवटी सिलिकॉननंच बरी झाली. त्या पोराला विचारा म्हणावं, वर्कशॉपवर पट्टी काढली तेव्हा तो तिथेच उभा होता.