ड्रोन घेऊन बाहेर पडताना: पुणेकरांचे काही प्रश्न

माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे. दुकानदार म्हणाला, याला कसलीच परवानगी लागत नाही. कोथरूडमध्ये सोसायटीच्या गच्चीवरून उडवू का?

दुकानदाराने अर्धेच सांगितले. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो. त्याला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही आणि तृतीय पक्ष विमाही लागत नाही. नोंदणीतून मात्र सूट आहे असे धरून चालू नका. शंभर रुपये शुल्क भरून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, घेऊन ठेवावा. आणि कुठे उडवायचे यासंबंधीचे नियम वजन पाहत नाहीत. २४९ ग्रॅमच्या ड्रोनलाही लाल क्षेत्र, म्हणजे उड्डाणबंदीचा भाग, लालच असते.

हे वजनसुद्धा एकदा स्वतः करून पाहा. बॅटरी, मेमरी कार्ड, पंखे, फिल्टर असे सगळे लावून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ड्रोन ठेवा. जास्त वेळ चालणारी ‘प्लस’ बॅटरी घातली की हाच ड्रोन २९० ग्रॅमच्या आसपास जातो. पंख्यांना गार्ड लावले तरी २५०ची रेघ ओलांडतो. मग तो ‘मायक्रो’ झाला. हौसेसाठी उडवायला तेव्हाही परवाना लागत नाही, पण विमा लागतो आणि नोंदणीसाठी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेले मान्यतेचे प्रमाणपत्र, लागते. बऱ्याच परदेशी कॅमेरा ड्रोनना ते नसल्याने नोंदणी तिथेच अडते. म्हणून मूळची छोटी बॅटरीच वापरा. पाचदहा मिनिटांच्या जादा उड्डाणासाठी गट बदलून घेणे परवडत नाही.

आता कोथरूड. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशात साधारणपणे विमानतळाच्या कुंपणापासून ५ किमीपर्यंत लाल, ५ ते ८ किमी पिवळे आणि ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात जमिनीपासून ६० मीटरपर्यंत हिरवे व त्यावर पिवळे असे क्षेत्र असते. त्यापलीकडे १२० मीटरपर्यंत हिरवे. अंतर मोजायचे ते टर्मिनलपासून नाही, कुंपणापासून. विमाननगर, कल्याणीनगर, खराडी इथे विषयच संपला. पिवळ्या क्षेत्रासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लोहगाव विमानतळाचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे. कोथरूड लोहगावपासून लांब असले, तरी पश्चिमेला खडकवासल्याची एनडीए आणि पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा आहेत. त्यामुळे अंतरावरून अंदाज बांधू नका. तुमच्या इमारतीवर नेमके बोट ठेवून नकाशा पाहा.

नकाशात हिरवे निघाले तरी गच्ची टाळा. १२० मीटर जमिनीपासून धरतात, आणि रिमोटच्या पडद्यावर दिसते ती गच्चीपासूनची उंची. बाराव्या मजल्यावरून उडवलात तर सुमारे ४० मीटर आधीच खर्ची पडलेले असतात. शिवाय स्लॅबमधल्या सळ्यांमुळे होकायंत्र चुकते. असा ड्रोन वर जाताच गोल गोल सरकू लागतो आणि खाली रस्त्यावर माणसे असतात.

नकाशात हिरवे दिसते म्हणजे लोहगडावर, सिंहगडावर उडवता येईल ना?

नाही. हिरवा रंग फक्त आकाशापुरता बोलतो. पायाखालची जमीन कोणाची, हा दुसरा प्रश्न. आणि आज पोलिसांचा काही आदेश आहे का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे अनुकूल असली तरच बॅटरी आत घाला.

लोहगड, शिवनेरी, कार्ले आणि भाजे लेणी, शनिवारवाडा ही ठिकाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे ड्रोनसाठी त्यांची लेखी परवानगी लागते. दारावरच्या रखवालदाराचे ‘उडवा, पाच मिनिटांनी काय होतंय’ हे उत्तर कामाचे नाही. लोहगड, शिवनेरी आणि राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा तिथली नजर सैल होईल अशी आशा नको. सिंहगडासाठी राज्याचे पुरातत्त्व खाते आणि वन विभाग या दोघांकडे विचारा. भीमाशंकर अभयारण्यात आणि ताम्हिणीच्या अभयारण्यात वन विभागाचा शब्द अंतिम. धरणांच्या भिंतींपासून दूर राहा.

पोलिसांच्या आदेशाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पालखी, गणेशोत्सव, महत्त्वाच्या व्यक्तींचा दौरा अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनबंदी निघते. पूर्वीचे हे कलम १४४. त्याशिवाय पोलिस एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतात. म्हणून आठवडाभरापूर्वी पाहिलेला नकाशा चालत नाही. निघायच्या सकाळी पुन्हा पाहा आणि त्या भागाच्या पोलिस ठाण्यात तारीख, वेळ, जागा व यूआयएन लिहिलेला अर्ज देऊन पोच घ्या. आणि कंपनीच्या ॲपने उडू दिले म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. तो नकाशा कंपनीचा असतो.

मुळशीच्या वरच्या घाटमाथ्यावर कड्यापलीकडे नेलेला ड्रोन परत येताना बॅटरी झपाट्याने संपते. बॅटरी खराब आहे का?

बहुधा बॅटरी ठीक आहे, वारा आडवा येतोय. छोट्या ड्रोनचा स्पोर्ट मोडमधला कमाल वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर असतो, पण ‘रिटर्न टू होम’ दाबल्यावर तो बहुतेक वेळा १० मीटरच्या आसपासच्या वेगाने परततो. समोरून ९ मीटरचा वारा असेल तर प्रत्यक्ष वेग उरतो १ मीटर. ६०० मीटर यायला दहा मिनिटे! अशा वेळी आपोआप परतणे रद्द करा, स्पोर्ट मोड लावा आणि पठारावर आल्यावर उंची कमी करा. जमिनीजवळ वारा मंद असतो.

वाऱ्याची दिशा इथे फार महत्त्वाची. कोकणातून वर येणारा पश्चिमेचा वारा असेल तर ड्रोन वाऱ्याविरुद्ध बाहेर जातो आणि वाऱ्याबरोबर घरी येतो, हे बरे. हिवाळ्यातल्या सकाळी वारा अनेकदा पूर्वेचा असतो. तुम्ही उभे असता तिथे हवा शांत वाटते, ड्रोन कड्यापलीकडे भुर्रकन जातो, तिथे खाली ओढणारे भोवरे असतात आणि येताना सगळा वारा समोरून. त्यात थंड बॅटरीचा व्होल्टेज लवकर खाली येतो. म्हणून आधी ३ मीटरवर मिनिटभर ड्रोन स्थिर धरून बॅटरी गरम होऊ द्या आणि ४० टक्क्यांना परत फिरा.

दुसरी अडचण उंचीची. कड्याची कड ओलांडली की जमीन शेकडो मीटर खाली जाते. पडद्यावर ३० मीटर दिसत असतात, नियमाने मात्र १२० मीटरची मर्यादा केव्हाच मोडलेली असते. कडेच्या खाली उतरवला तर मध्ये खडक येतो आणि रेडिओ संपर्क तुटतो. तेव्हा कड्याला समांतर, पठाराच्या बाजूनेच उडवा. दरीचे दृश्य तिथूनही भरपूर मिळते. परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच टेकाडापेक्षा किमान २५ मीटर जास्त ठेवा आणि ‘होम पॉइंट’, म्हणजे परत येण्याची जागा, नोंदल्याचा संदेश आल्याशिवाय उडवू नका. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे थेट कातळावर ठेवल्यावर होकायंत्राची तक्रार येऊ शकते. अशा वेळी लगेच होकायंत्र कॅलिब्रेट करत, म्हणजे नव्याने जुळवत, बसू नका. आधी जागा बदला, नाहीतर सॅकवर लँडिंग पॅड ठेवून थोड्या उंचीवरून उडवा.

घारी अंगावर आल्या तर?

सरळ वर जा. घार वरून झडप घालते, पण उभी चढण तिला ड्रोनइतकी झटपट जमत नाही. ती मागे पडली की झाडांपासून लांब जाऊन उतरवा. घरट्यांच्या दिवसांत, साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, नदीकाठच्या मोठ्या झाडांजवळ उडवूच नका. त्रास आपला ड्रोन देत असतो.

विमानाने जाताना बॅटऱ्या कुठे ठेवायच्या?

सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-तासांची. २२५० मिलिअँपिअर-तास गुणिले ७.७ व्होल्ट भागिले १००० म्हणजे सुमारे १७ वॉट-तास, त्यामुळे छोट्या ड्रोनला काळजी नाही. १०० ते १६० पर्यंतच्या दोनच बॅटऱ्या आणि त्याही विमान कंपनीच्या संमतीने. टोकांवर चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला आणि चार्ज अर्ध्यावर आणा. ड्रोन केबिनमध्ये नेऊ देण्याबाबत कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. आधी विचारा, आणि चेक-इनमध्ये द्यावा लागला तर बॅटरी काढून कडक केसमध्ये द्या.

दुबईहून भावाला ड्रोन आणायला सांगू का?

नका सांगू. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. विमानतळावर कस्टम्स ड्रोन ठेवून घेईल. इथला ड्रोन बाहेर नेऊन परत आणायचा असेल, तर जाताना कस्टम्सच्या टेबलावर अनुक्रमांक दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्याशिवाय परतताना तुमचाच ड्रोन आयात केलेला धरला जाऊ शकतो. मोरोक्को आणि इजिप्तला जाताना तर ड्रोन घरीच ठेवा; तिथे तो सामानात सापडला तरी जप्त होतो.