गेमचे व्यसन आणि ‘मनावर ताबा’

बारावीतला मुलगा रात्र-रात्र गेम खेळतो, हे व्यसन कशामुळे लागते आणि फोन काढून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. त्यातले ‘त्याचा मनावर ताबाच नाही’ हे वाक्य मला लागले, म्हणून लिहीत आहे.

दिवसअखेर एक रुपया जुळला नाही तर तो सापडेपर्यंत बँकेत बसून राहणारी मी बाई. २०१५ साली रंगीत गोळ्या जुळवण्याचा एक खेळ माझ्या फोनमध्ये आला. त्यात पाच जीव मिळत आणि ते संपले की दर अर्ध्या तासाने एक परत येई. तेवढेही थांबवेना, म्हणून मी फोनचे घड्याळच अडीच तास पुढे करू लागले. मुलाच्या दहावीच्या भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री ते मागे घ्यायचे राहिले आणि पाचचा गजर अडीचला झाला. आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, पोळ्या लाटून मी मुलाला उजळणीला बसवले. पाणी प्यायला उठलेल्या भाऊजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले, तेव्हा साडेतीन वाजले होते. तेव्हापासून प्रत्येक गणपतीत ‘वहिनींचा मनावर ताबा नाही’ हे मी ऐकते.

दर डावाला जिंकवणाऱ्या खेळाचा कंटाळा येतो. कितव्या डावाला जिंकू हे कळू न देणारा खेळ सुटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले आणि सहकारी फर्स्टर यांच्यासह १९५७ साली ते सविस्तर मांडले. किती वेळा चोच मारल्यावर दाणा पडेल याचा नेम नसला, की दाणे बंद झाल्यावरही कबूतर बराच वेळ चोच मारत राहते. त्यात ‘एकच गोळी राहिली होती’ अशी थोडक्यात हुकलेली हार आणि जीव संपल्यावर मुद्दाम लादलेली प्रतीक्षा यांची भर पडते. मुलांच्या सांघिक खेळांत मित्रांना अर्ध्यावर सोडण्याची लाजही असते. दर पाच मिनिटांनी शेअरचे भाव पाहणाऱ्या भाऊजींनी त्या कबुतराबद्दल अवश्य वाचावे.

अर्थात, खूप खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे; पण नुकसान होत असूनही खेळ न आवरणे हे साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. आपल्या मुलाचे तसे असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

फोन काढून घेण्याविषयी इतकेच सांगते की माझा कोणी काढून घेतला असता, तर मी यांच्या फोनवर खेळले असते.