आधी तारीख बघा, मग कलम शोधा

प्रश्न : धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादातून मे २०२४ मध्ये मारहाण झाली, गुन्हा मात्र ऑगस्टमध्ये नोंदवला गेला. कलमं जुनी की नवी? (वकील, मेहकर)

गुन्ह्याची कलमं जुनी, म्हणजे भारतीय दंड संहितेची (आयपीसी); कार्यपद्धती नवी. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला त्या दिवशी आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लावता येत नाही; कृत्याच्या वेळी नसलेल्या कायद्यानं शिक्षा नको, असं सांगणारं राज्यघटनेचं कलम २०(१) आडवं येतं. यात आरोपीच्या खिशाचाही प्रश्न आहे. साध्या दुखापतीला जुन्या ३२३ खाली दंड जास्तीत जास्त १,००० रुपये होता, नव्या ११५(२) खाली तो १०,००० आहे. तपास जुलैनंतर सुरू झाल्यामुळे तो सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालेल. १ जुलैला तो प्रलंबित असता, तर त्याच संहितेच्या कलम ५३१ मुळे सीआरपीसीच लागू राहिली असती.

बार रूममध्ये सगळ्यात जास्त घोळ ४८२ चा होतो. सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. ते आता ५२८ मध्ये गेले. नवं ४८२ अटकपूर्व जामिनाचं, म्हणजे जुनं ४३८. तेव्हा अर्जाच्या मथळ्यावर नुसता आकडा टाकू नका, कायद्याचं नावही लिहा.

प्रश्न : पांदण (शेतरस्ता) अडवल्याचा व्हिडिओ अशिलानं व्हॉट्सॲपवर पाठवला. तो पुरावा म्हणून चालेल का? (वकील, दारव्हा)

तेवढ्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो. मग त्याची हॅश (फाइलवरून निघणारी तिची ओळख-खूण) मूळ फाइलशी जुळत नाही आणि उलटतपासणीत विरोधी वकील तिथंच पकडतो. ज्या फोननं चित्रीकरण केलं तोच मागवा, तो फॉरमॅट करू नका, म्हणावं. फाइल केबलनं उतरवा आणि एसएचए-२५६ हॅश काढा. विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ आज्ञेनं ती मिनिटात मिळते. ६४ चिन्हांची ही ओळ हातानं उतरवू नका, चिकटवा.

नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र परिशिष्टातल्या नमुन्यातच हवं. भाग ‘अ’ फाइल सादर करणाऱ्या पक्षकाराचा. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि हॅश. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. इथं सेतू केंद्रातल्या मुलाची सही घेऊन काम उरकू नये. सही करणाऱ्याला साक्षीला उभं राहावं लागू शकतं. फोनचा मालक स्वतः साक्षीत मूळ फोनच हजर करणार असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब संदर्भात म्हटलं आहे. तरीही प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

प्रश्न : महागडे डेटाबेस परवडत नाहीत. निकाल कुठं शोधू? (विधी विद्यार्थिनी, अचलपूर)

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन निकाल-संग्रहावर मोफत आहेत, काहींचा मराठी अनुवादही. हायकोर्टासाठी ई-कोर्ट्सचं निकाल पोर्टल वापरा. नागपूर खंडपीठाच्या तटस्थ उद्धरणात (कोर्टानंच निकालाला दिलेल्या क्रमांकात) ‘बीएचसी-एनएजी’ असतं. शोधताना जुनं आणि नवं, दोन्ही कलमं टाका. बहुतेक निकाल जुन्याच आकड्यांखाली आहेत. नेट चांगलं असेल तेव्हा पीडीएफ उतरवून ठेवा.

प्रश्न : एआयनं दिलेले निकाल युक्तिवादात वापरावेत का? (वकील, चिमूर)

शोधाची दिशा घ्या, उद्धरण घेऊ नका. अस्तित्वातच नसलेला निकाल ते पक्षकारांच्या नावांसकट बिनधास्त देतं. प्रत्येक निकाल कोर्टाच्या पोर्टलवर उघडा, परिच्छेद स्वतः वाचा, तो पुढं वरच्या कोर्टात रद्द झाला का तेही पाहा. अशिलाचं नाव आणि कागद त्यात टाकू नका.