वाचकांचे प्रश्न : जर्मनी आणि पोलंड, १९१९ ते १९३९

प्रश्न : हिटलर येण्याआधी या दोन देशांचं बरं चाललं होतं का?

उत्तर : मुळीच नाही. व्हर्सायच्या तहाने पोलंडला समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी मिळाली आणि पूर्व प्रशिया उरलेल्या जर्मनीपासून तुटला. ही सीमा वायमार प्रजासत्ताकाने, म्हणजे हिटलरआधीच्या लोकशाही जर्मनीने, कधीच मनापासून मानली नाही. १९२५ च्या लोकार्नो करारात जर्मनीने फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमांची हमी दिली, पोलंडच्या नाही. परराष्ट्रमंत्री स्ट्रेसेमान यांना पुढच्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. पूर्वेची सीमा बदलून घ्यायची, हे त्यांचं धोरण मात्र कायम होतं. सगळं खापर एकट्या हिटलरवर फोडलं की ही वीस वर्षं समजतच नाहीत.

प्रश्न : अप्पर सिलेशिया हा सीमेवरचा खाणप्रदेश कुणाकडे जावा, याचं सार्वमत जर्मनीने जिंकलं, तरी प्रदेशाची वाटणी का झाली?

उत्तर : मार्च १९२१ मध्ये सुमारे ६० टक्के मतं जर्मनीला पडली हे खरं. पण तहाप्रमाणे कौल गावागणिक पाहायचा होता, आणि पूर्वेकडच्या बऱ्याच गावांनी पोलंडला मत दिलं होतं. मे महिन्यात तिथे पोलिश उठाव झाला. अखेर राष्ट्रसंघाच्या शिफारशीने सीमा आखली गेली, ती खाणी, ट्रामचे रूळ, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा कापत. बहुतेक कोळसाखाणी पोलंडकडे गेल्या.

प्रश्न : मग त्या कोळशाचं गिऱ्हाईक कोण?

उत्तर : खरा कळीचा प्रश्न हाच. तीन वर्षं तो कोळसा जर्मनीत जकातीशिवाय जात होता. जून १९२५ मध्ये मुदत संपली, जर्मनीने दार लावून घेतलं आणि जकातयुद्ध पेटलं. पोलंड गुडघे टेकेल, मग सीमेचंही बोलता येईल, असा बर्लिनचा होरा होता. पोलंडचं चलन झ्लॉटी घसरलंही. पण १९२६ मध्ये ब्रिटिश खाणकामगारांचा संप झाला आणि स्कँडिनेव्हियाची बाजारपेठ पोलिश कोळशाला मोकळी झाली. ग्दिनिया या कोळीवाड्याचं मोठं बंदर झालं. सिलेशियातून थेट तिथवर, डान्झिगला (राष्ट्रसंघाच्या छत्राखालच्या, बहुतांश जर्मन वस्तीच्या बंदर-शहराला) वळसा घालून, कोळशासाठी रेल्वेमार्ग टाकला गेला. पोलंडची ही जिद्द मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : १९३४ चा अनाक्रमण करार करून पोलंड फसला का?

उत्तर : मला तसं वाटत नाही. पोलंडचे सर्वेसर्वा पिउसुद्स्की यांना वेळ हवा होता, तो मिळाला, जकातयुद्धही थांबलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने डान्झिग मागितलं, तेव्हा पोलंडने नकार दिला. करार दहा वर्षांचा होता. २८ एप्रिल १९३९ रोजी हिटलरने तो मोडीत काढला.