सुया हातात असताना गोष्ट कानात शिरते का?

मुलगी नऊ वर्षांची, घरीच शिकणारी. दुपारी आई पाऊण तास वाचून दाखवते, तेव्हा ती मफलर विणत ऐकते. आईचं म्हणणं असं : "मध्येच विचारलं तर तिला काहीच सांगता येत नाही. स्वतःहून पुस्तक उघडत नाही. सासूबाई म्हणतात, विणकामापायी वाचन बुडालं. सुया काढून घेऊ का?"

सुया काढून घेण्याआधी त्यांच्यावर काय चढलंय ते पाहिलं. मफलर होता दोन सुलट, दोन उलट टाक्यांचा. सुलट टाका लोकर मागे ठेवून विणतात, उलट टाका पुढे ठेवून; म्हणून या विणीत दर दोन टाक्यांनंतर लोकर दोन सुयांच्या मधून पुढे-मागे न्यावी लागते. ती सुईवरून गेली की एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडतं. २४ टाक्यांचे ३१ झाले होते. नवशिकं मूल ही वीण मनात 'दोन सुलट, दोन उलट' म्हणतच विणतं. गोष्टही शब्दांचीच, मग एकीला मागे सरावं लागतं.

म्हणून ऐकायच्या वेळेसाठी दुसरं काम दिलं : ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया, मध्यम जाडीची फिकट लोकर (गडद रंगात टाके दिसत नाहीत), २४ टाके आणि प्रत्येक ओळ सुलट. पट्टी साधारण ११-१२ सेंटिमीटर रुंद होते. इथेही टाके वाढतात, पण कारण वेगळं. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय (फासाचे दोन धागे) वर येतात आणि मूल ते दोन टाके समजून विणतं. लोकर आधी पुढे खाली ओढायची, मग सुईखालून मागे न्यायची. टाके मोजायचे ते वाचन थांबल्यावरच.

आठवडाभर एक दिवस सुयांसह, एक दिवस सुयांविना असं वाचन झालं. दर दहा मिनिटांनी "आता पुढे काय होईल, वाटतं?" एवढंच विचारायचं. साध्या सुलट विणीत ती सुयांविना सांगते तितकंच नीट सांगत होती. मफलर दुपारनंतरच्या वेळेत गेला.

खरी अडचण दुसरीकडे निघाली. न वाचलेला १०० शब्दांचा उतारा तिला मोठ्याने वाचायला दिला. दहापेक्षा जास्त शब्दांवर अडखळणं झालं तर ते पुस्तक एकट्याने वाचायला जड, असा ढोबळ अंदाज धरतात. ती अठरा शब्दांवर अडली, बहुतेक जोडाक्षरं आणि रफार. पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द ती अंदाजाने पुरा करायची. गोष्टी ऐकून समज इतकी पक्की झाली होती की अंदाज बरेचदा बरोबर यायचा, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग मफलरच कामी आला. आईने विणीच्या सूचना एका कार्डावर ठळक अक्षरात, पूर्ण वाक्यांत लिहिल्या : "पहिल्या दोन टाक्यांवर सुलट विणा. लोकर सुयांच्या मधून पुढे घ्या. पुढच्या दोन टाक्यांवर उलट विणा. टाके उरले असतील तर लोकर मधून मागे न्या आणि हेच पुन्हा करा. ओळ संपल्यावर टाके मोजा : २४." कार्ड आईने वाचून दाखवायचं नाही. चुकीचं वाचलं तर विणीत लगेच दिसतं, आणि मूल कोणी न सांगता पुन्हा कार्डाकडे वळतं. अर्थात कार्डं म्हणजे पुस्तक नव्हे. रोज दहा मिनिटं, तिला सहज जमेल असं पुस्तक आजीला वाचून दाखवायचं हेही ठरलं. आजीने चूक लगेच दुरुस्त करायची नाही, वाक्य संपेपर्यंत थांबायचं.

वडिलांना दहावीची काळजी होती. शाळेत न जाताही जिथून परीक्षा देता येते, त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) दहावीसाठी किमान वय १४ आहे, म्हणजे हाताशी पुरेसा वेळ आहे.

मात्र दोन-तीन महिने असा नियमित सराव करूनही तीच जोडाक्षरं अडत राहिली, अक्षरांची उलटापालट होत राहिली किंवा वाचताना डोकं दुखू लागलं, तर आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून घ्यावी.